हिकरी बेंडचे चोपन्न एकर

अहिल्या ठोसर नेपरव्हिलला आली तेव्हा तिच्या बॅगेच्या तळाशी, साड्यांच्या खाली, एमएस्सीचा प्रबंध होता. विषय मेळघाटातली घाणेरी. दोन उन्हाळे तिने तिथल्या फॉरेस्ट गार्डच्या घरात राहून घाणेरीची झुडपं मोजली होती. कापली की फुटते, जाळली की फुटते, आणि जिथे दाटते तिथे गवत मरतं, मग चितळं तिकडे फिरकत नाहीत, असं सगळं आकड्यांनिशी मांडलं होतं. अमरावतीच्या मॅडमनी पीएचडीसाठी थांब म्हणून दोनदा सांगितलं. पण लग्न ठरलं, देवदत्तला शिकागोचं प्रोजेक्ट मिळालं, आणि तिच्या पासपोर्टवर जो व्हिसा लागला त्यावर नवऱ्यासोबत राहायची मुभा होती, नोकरी करायची नव्हती.

देवदत्त सकाळी सातच्या आतली गाडी पकडून शहरात जायचा. मग दिवसभर ती आणि तान्ही अनिका. पहिला हिवाळा खिडकीतून बर्फ बघण्यात गेला. एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले तेव्हा ती पोरीला ढकलगाडीत घालून बाहेर पडायला लागली आणि असंच एकदा, नदीच्या वळणावर, हिकरी बेंड नावाच्या रानात तिला वॉल्ट भेटला.

वॉल्ट शाळेत लाकूडकाम शिकवून रिटायर झालेला. सहा फुटी, वाकलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तो एकटाच गुडघ्यावर बसून एक हिरवंगार झाड बुंध्यापाशी कापत होता. अहिल्याला राहवलं नाही.

"चांगलं निरोगी झाड का कापताय?" तिने इंग्रजीत विचारलं.

म्हाताऱ्याने वर न बघता कापलेला तुकडा तिच्या हातात दिला. सालीखालचं लाकूड भगवं होतं, गाजरासारखं. तिने फांदीवरचं कोवळं पान उलटून शिरा पाहिल्या, टोकाचा काटा पाहिला आणि झाडाचं शास्त्रीय कूळ सांगून टाकलं. तिच्यासाठी ते अवघड नव्हतं. ते आपल्या बोरीचं कूळ होतं.

वॉल्टने तेव्हा चष्मा वर सरकवला. "शनिवारी नऊ वाजता ये," तो म्हणाला. "बाळाला पण आण."

त्या झाडाला तिकडे बकथॉर्न म्हणतात. दीडएकशे वर्षांपूर्वी लोकांनी ते युरोपातून कुंपणासाठी आणलं. काळी फळं पक्षी खातात, त्यांचं पोट बिघडतं, आणि बिया रानभर पडतात. वसंतात इतर झाडं अजून झोपेत असतात तेव्हाच याची पानं उघडतात, म्हणजे खालच्या रानफुलांना जे चार आठवड्यांचं ऊन मिळायचं तेही जातं. ओकच्या फळातून कोंब येतो, दोन पानं काढतो आणि अंधारात मरतो. वर दोनशे वर्षांचे ओक उभे असतात, खाली त्यांचं एकही पोर नसतं. वॉल्ट म्हणायचा, "जंगल म्हातारं होतंय आणि त्याला नातवंडं नाहीत."

काम सोपं होतं आणि न संपणारं होतं. झाड कापायचं, लगेच बुंध्यावर निळ्या रंगाचं औषध स्पंजने लावायचं, नाहीतर एकाचे दहा कोंब फुटतात. फांद्यांचे ढीग करून थंडीत जाळायचे. पुढच्या वर्षी त्याच जागी परत जायचं, कारण जमिनीत बिया असतातच. त्याच्या पुढच्या वर्षीही. वॉल्टचा एकच नियम होता आणि तो त्याने तिला पहिल्याच शनिवारी सांगितला: "जितकं पुन्हा येऊन बघू शकशील तितकंच काप."

पगाराचं काम तिला मना होतं. फुकटचं कुणी मना केलं नव्हतं. ती शनिवारी जाऊ लागली, मग बुधवारीही, मग अनिका शाळेत जायला लागल्यावर जवळजवळ रोज. औषध लावायची परीक्षा देऊन तिने लायसन्स काढलं. गणपतीला मंडळात जमलेल्या बायका तिच्या हातावरचे ओरखडे बघून विचारायच्या. एकदा शशिकांत नावाच्या गृहस्थाने जेवणाच्या रांगेत मोठ्याने विनोद केला, "अहो वहिनी, बाहेरून आलेल्यांना हाकलायचं म्हटलं तर पहिला नंबर आपला!" सगळे हसले. अहिल्याला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. हा विनोद तिने इंग्रजीतूनही बऱ्याचदा ऐकला होता. माणसं आणि झाडं यांच्यातला फरक समजावून सांगत बसावा इतका वेळ जेवणाच्या रांगेत नसतो. तिने वरणभात वाढून घेतला.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात, आठ वर्षांपूर्वी तिने आणि वॉल्टने साफ केलेल्या पहिल्या एकरात ट्रिलियम फुलली. तीन पानं, त्यांवर तीन पाकळ्यांचं एकच पांढरं फूल. बी पडल्यापासून फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. आदल्या वर्षीपर्यंत चार-दोन होती. त्या सकाळी ओकच्या बुंध्यांपासून थेट ओढ्यापर्यंत सगळं पांढरं होतं. वॉल्ट काठी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या आईने मला इथे हे दाखवलं होतं. मला वाटत होतं मी ते मनानेच रचलंय."

त्याच्या आदल्या वर्षी कायदा बदलला होता आणि अहिल्याला नोकरी करायची परवानगी मिळाली होती. देवदत्तने दोन-तीन जाहिराती तिला पाठवल्या. ती म्हणाली, बघते. तिने बघितलं नाही. देवदत्त चिडला नाही, पण मित्रांत तो सांगायचा, "हिचा फुल टाइम जॉब आहे, फक्त सॅलरी नाही," आणि त्यात जेवढी थट्टा होती तेवढीच खंतही होती.

वॉल्ट दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत गेला. छातीत कफ भरला आणि आठवड्यात संपला. त्याच्या मुलीने त्याची करवत अहिल्याला दिली आणि जिल्ह्याच्या वनखात्याने रानाची देखरेख तिच्या नावावर केली. त्या खात्यात तेव्हा मोना नावाची एक मुलगी नव्याने लागली होती. मोना इथेच जन्मलेली, आईवडील नागपूरचे. शाळेत असताना सक्तीचे समाजसेवेचे तास भरायला म्हणून ती हिकरी बेंडला आली होती आणि अहिल्याच्या नादाने पुढे पर्यावरणशास्त्रच शिकली. चारचौघांत ती तिला अहिल्या म्हणायची, एकटी असली की मावशी.

वॉल्ट गेल्यावर अहिल्याला घाई सुटली. असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं, पुढे ती स्वतःच असं म्हणू लागली. एकवीसपर्यंत, तेरा वर्षांत, चौदा एकर साफ झाले होते. उरलेले चाळीस एकर तसेच होते, इतके दाट की दुपारी आत वाचता येऊ नये. त्यातला एक मोठा ओक वादळात पडला. मग दुसरा. प्रत्येक पडलेल्या ओकच्या जागेत फक्त बकथॉर्न चढत होतं.

दोन हजार एकवीसच्या शरद ऋतूत तिने वनखात्याच्या बोर्डापुढे भाषण केलं. स्लाइड्स अनिकाने करून दिल्या, देवदत्त रजा टाकून मागच्या रांगेत येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच ती माइकपुढे उभी होती.

"आम्ही सात व्हॉलंटियर्स वर्षाला एक एकर साफ करतो," ती म्हणाली. "चाळीस एकरांना चाळीस वर्षं लागतील. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. मी कदाचित थांबेन. हे ओक थांबणार नाहीत."

खात्याकडे मशीन लावायला अनुदान होतं. झाड उभंच्या उभं भरडून भुसा करणारं मशीन, एका हिवाळ्यात चाळीस एकर. पण ते मशीन बुंध्यावर औषध लावत नाही. भरडलेल्या बुंध्यांना कोंब फुटतात, जमिनीवर एकदम ऊन पडतं आणि साठलेलं सगळं बी एकदम रुजतं. म्हणून मोनाने पुढच्या तीन वर्षांचा प्लॅन केला होता: दर उन्हाळ्याअखेर फवारणी, दर शरदात नियंत्रित आग.

बोर्डाने मान्यता दिल्यावर दोघी पार्किंगमध्ये उभ्या होत्या. मोना म्हणाली, "मावशी, समजा मधेच फॉलो-अप कॅन्सल झालं तर? देन वी आर वर्स ऑफ."

"कसं होईल? प्लॅनमध्येच लिहिलंय ना."

"लिहिलंय. पण बजेट दरवर्षी पास करावं लागतं."

अहिल्याला त्या क्षणी वॉल्टचं वाक्य आठवलं होतं. नीट, त्याच्या आवाजात आठवलं होतं. तिने ते बाजूला सारलं. "वॉल्टने आयुष्यभर जपून जपून केलं," ती म्हणाली, "आणि त्याला चौदा एकरही बघायला मिळाले नाहीत. मला सगळं बघायचंय."

जानेवारीत जमीन गोठली आणि मशीन आलं. पाच आठवडे त्याची घरघर चालली होती. शेवटच्या दिवशी अहिल्या देवदत्तला घेऊन गेली. जिथे पाऊल टाकता येत नव्हतं तिथून आता नदी दिसत होती. एकशे अकरा ओक, एकमेकांपासून अंतर राखून, हिवाळी उन्हात उभे होते. त्यांच्या सावल्या भुशावर लांब पडल्या होत्या. ती एकेका ओकपाशी जाऊन हात लावून आली.

"मानलं बुवा," देवदत्त म्हणाला. चौदा वर्षांत त्याने पहिल्यांदाच असं म्हटलं होतं.

जूनमध्ये तिने पाइपची एक मीटरची चौकट भुशावर टाकली आणि आत काय उगवलंय ते मोजलं. दोनशे बारा रोपं, सगळी बकथॉर्नची. शिवाय दर बुंध्यातून पंधरा-वीस कोंब. ती घाबरली नाही. हे असंच होणार हे प्लॅनमध्ये होतं. सप्टेंबरमध्ये फवारणी होती.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मोना घरी आली. फोन न करता आली, तेव्हाच अहिल्याला कळायला हवं होतं. चहा घेतला, कप हातातच धरून बसली.

"फवारणी कॅन्सल केली," मोना म्हणाली. "आगही. तीनही वर्षांचं. नवीन निवडून आलेल्या बोर्डाला त्या पैशांत सायकल ट्रेल करायचीय. ते म्हणतात तुमच्याकडे व्हॉलंटियर्स आहेत, दे विल हँडल इट."

"सात जण आहोत."

"आय टोल्ड देम."

"चाळीस एकर, मोना. सात जण."

"मावशी, मी सांगितलं." मोनाने कप खाली ठेवला. "माझी पोझिशनही गेली. शुक्रवारी लास्ट डे."

अहिल्या पुढच्या बोर्ड मीटिंगला गेली. तिला तीन मिनिटं मिळाली. बोर्डावरच्या माणसांनी ऐकून घेतलं, आभार मानले, आणि एकाने सौम्यपणे विचारलं की मागच्या वर्षी तुम्हीच हे काम मागितलं होतं ना? ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

मग ती हाताने लढली. त्या शरदात आणि पुढचं सगळं वर्ष ती पहाटे निघायची आणि अंधार पडता पडता यायची. पाठीवर औषधाचा पंप, कंबरेला कात्री. सातातले दोघं ट्रेल झाल्यावर सायकलवाल्यांच्या गटात गेले, एक जण मुलीकडे मॉरिसव्हिलला राहायला गेला. एका रविवारी देवदत्तही आला. दोघांनी मिळून सकाळपासून एक पट्टा साफ केला, एका ओकपासून दुसऱ्या ओकपर्यंत. दुपारी डबा खायला बसले तेव्हा त्याने आजूबाजूला पाहिलं. छातीएवढी हिरवी भिंत, चारी बाजूंनी.

"अगं," तो हळूच म्हणाला, "हे नाही संपणार."

"मला माहीत आहे."

"मग?"

तिने पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. ती उठली आणि पुन्हा कापू लागली, आणि तोही उठला, कारण तिला एकटीला तिथे सोडून घरी जाणं त्याला शक्य नव्हतं.

सगळ्यात वाईट गोष्ट तिच्या नंतर लक्षात आली. चाळीस एकरांच्या मागे धावताना जुन्या चौदा एकरांकडे तिचं दुर्लक्ष झालं होतं. तिथे दरवर्षी एक फेरी मारून नवी रोपं उपटावी लागत. दोन वर्षं ती फेरी राहिली. शेजारच्या चाळीस एकरांत आता फळं धरली होती आणि पक्षी सगळीकडे बसतात. दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात ती पहिल्या एकरात गेली तेव्हा ओढ्यापर्यंत गुडघाभर बकथॉर्न होतं. त्याखाली वाकून वाकून तिने ट्रिलियम शोधली. सव्वीस झाडं सापडली. पानं पिवळट, काही हरणांनी खुडलेली. फूल एकावरही नव्हतं.

तिने त्या सव्वीस झाडांभोवती हाताने रोपं उपटायला सुरुवात केली. अकराव्या झाडाशी उजवा खांदा असा धरला की हात वर होईना. डॉक्टरांनी वर्षानुवर्षांची झीज सांगितली, स्नायू फाटलेत म्हणाले, आणि करवत बंद करायला सांगितली. ऑपरेशन झालं. हात खांद्याच्या वर जात नाही तो नाहीच.

पंचवीसच्या मार्चमध्ये वनखात्याचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या रानांची नव्याने वर्गवारी केली होती. ज्यांच्यावर खर्च करणं फायद्याचं नाही अशांच्या यादीत हिकरी बेंड होतं. व्हॉलंटियर कार्यक्रम बंद, तुमच्या सेवेबद्दल आभार, अवजारांच्या शेडची चावी आणि खात्याचं जॅकेट कार्यालयात जमा करावं. ती स्वतः जाऊन देऊन आली. काउंटरवरच्या मुलीने पावती दिली आणि विचारलं, किती वर्षं काम केलंत? अहिल्या म्हणाली, सतरा. मुलगी म्हणाली, वाव.

मोना आता बेलव्ह्यूला असते, एका सॉफ्टवेअर कंपनीत नकाशांचं काम करते. त्या रविवारी तिचा फोन आला.

"मावशी, स्वतःला ब्लेम करू नकोस. ते जंगल असंही गेलंच असतं."

"गेलं असतं," अहिल्या म्हणाली. "पण हळू गेलं असतं. चौदा एकर मी मरेपर्यंत राहिले असते. ती फुलं राहिली असती. माझ्यानंतर काय झालं असतं ते मला बघावं लागलं नसतं."

अहिल्याने फोन डाव्या हातात घेतला.

"वॉल्टने सांगितलं होतं मला," अहिल्या म्हणाली. "न समजण्यासारखं काही नव्हतं त्यात. माझा प्रबंधच त्यावर होता गं. कापली की फुटते. एकशे दहा पानं लिहिली होती मी."

ऑगस्टपासून ती जवळच्या कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली. मुलांसाठी काचपट्ट्या लावून ठेवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे. देवदत्तला आनंद झाला. अनिका बाहेरगावी शिकायला गेली होती. जाताना तिने आईला घट्ट मिठी मारली आणि "मॉम, प्लीज, डोन्ट गो देअर एव्हरी डे," म्हणाली. अहिल्या रोज जात नव्हती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती एकदाही गेली नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र, कॉलेजातून परतताना, तिने गाडी नदीकडे वळवली. झाडं झडून गेली होती. रस्त्याच्या कडेचे मेपल, लोकांच्या अंगणातले बर्च, सगळे काटक्यांसारखे. फक्त हिकरी बेंड हिरवं होतं. बकथॉर्नची पानं शेवटपर्यंत गळत नाहीत, बर्फ पडेपर्यंत हिरवीच राहतात. नवीन डांबरी ट्रेलच्या दोन्ही बाजूंनी, डोक्याच्या वर, चकाकती हिरवी भिंत. मधूनमधून ओकचे काळे बुंधे वर गेलेले. त्यांतला एक गेल्या वादळात मोडून पडला होता आणि ट्रेलवर आलेला भाग कापून नेला होता.

समोरून पळत येणारी एक तरुण बाई तिच्यापाशी थांबली, पाणी प्यायली. "किती सुंदर ना," ती हसून म्हणाली. "सगळीकडे हिवाळा आलाय आणि इथे अजून हिरवं आहे. मी मुद्दाम इकडे येते."

अहिल्याने तोंड उघडलं. सतरा वर्षं अशा माणसांना ती थांबवत आली होती. पान उलटून दाखवायची, साल खरवडून भगवं लाकूड दाखवायची, शनिवारी नऊ वाजता या म्हणायची. आता शनिवारी नऊ वाजता इथे कुणी नसतं.

"हो," ती म्हणाली, "हिरवं आहे."

बाई पळत पुढे गेली. अहिल्या थोडा वेळ उभी राहिली. वरच्या फांद्यांत रॉबिन पक्ष्यांचा थवा उतरला होता आणि काळी फळं टिपत होता. त्यांचा कलकलाट चालला होता. तिला थंडी वाजू लागली. तिने डाव्या हाताने उजवा खांदा दाबून धरला आणि ती गाडीकडे निघाली.